जुन्या पिकअपचा दोन तुकड्यांचा शाफ्ट काढून एकच लांब शाफ्ट बसवावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या ट्रान्सपोर्टनगरात गाड्यांखाली लोळण्यात माझी बरीच वर्षं गेली. चोइथराम मंडीत कांदा-बटाटा घेऊन येणाऱ्या पिकअपवाल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘भाऊ, ही सेंटर बेअरिंगची कटकट कायमची संपवता येईल का? मधला जोड काढून सरळ एकच शाफ्ट टाकून द्या ना.’ कधी जमतं, बऱ्याचदा जमत नाही. गाडी कोणाची आहे यापेक्षा शाफ्टची लांबी किती आहे यावर ते ठरतं. दर वेळी तेच तोंडी सांगून कंटाळलो, म्हणून हे लिहून ठेवलंय.

दोन तुकड्यांचा शाफ्ट म्हणजे नेमकं काय?

गिअरबॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंत, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या लोखंडी घरापर्यंत, ताकद नेणारी जी फिरती नळी, ती प्रोपेलर शाफ्ट. टाटा २०७, बोलेरो पिकअप अशा लांब गाड्यांत ती दोन भागांत असते. पुढचा भाग गिअरबॉक्सच्या फ्लँजला (मागच्या गोल चकतीला) बोल्टने जोडलेला, त्याचं मागचं टोक रबराच्या गादीत बसवलेल्या सेंटर बेअरिंगमध्ये आणि ते बेअरिंग चासीच्या आडव्या पट्टीला टांगलेलं. तिथून मागचा भाग निघतो तो पिनियनपर्यंत, म्हणजे हाउसिंगमधलं मोठं दातेरी चाक, क्राउन, फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकापर्यंत. एकूण तीन क्रॉस (शाफ्टला कोनात फिरू देणारे अधिकच्या चिन्हासारखे सांधे), एक बेअरिंग आणि एक सरकता स्प्लाइन, म्हणजे पाटे (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) दबले-उठले की शाफ्टची लांबी कमी-जास्त करणारा दातेरी जोड.

कंपनीने पैसे वाचवायला दोन तुकडे केले असतील ना?

उलट आहे. एक बेअरिंग, एक क्रॉस, एक ब्रॅकेट जास्त लावावं लागतं, म्हणजे कंपनीला हा प्रकार महागच पडतो. तरी लावतात, कारण लांब नळी वेगाने फिरवली की ती मधोमध वाकायला लागते. दोन मुलींनी दोन टोकं धरून दोरीवरच्या उड्यांची दोरी फिरवावी, तसं तिला पोट येतं. पोलादी नळीचं असं काय होणार, असं वाटतं खरं. पण प्रत्येक नळीचा एक ठरावीक वेग असतो आणि तिथे पोचलं की तिचा स्वतःचा तोलच तिला बाहेर फेकायला लागतो. याला क्रांतिक वेग म्हणतात. लांबी दुप्पट केली तर हा वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. सगळी मेख या एका गोष्टीत आहे.

दुसरंही एक कारण आहे. एकाच मॉडेलच्या छोट्या आणि लांब अशा दोन चासी असतील, तर शाफ्टचा एक भाग दोन्हींत तोच ठेवून दुसऱ्याची लांबी बदलता येते. आणि जिथे दोन तुकडेही पुरत नाहीत त्या लांब ट्रकांना तीन असतात.

माझ्या गाडीला एकच शाफ्ट चालेल का, हे कसं काढायचं?

कागद-पेन घ्या, मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. दोन आकडे काढायचे आहेत: तुमचा शाफ्ट किती फिरणार, आणि किती फिरल्यावर तो बिघडणार.

पहिला आकडा. पिकअपला २१५/७५ आर १५ टायर असेल तर चाक एका किलोमीटरला साधारण ४६० फेरे घेतं. ताशी १०० किमीला ते मिनिटाला सुमारे ७६७ फेरे झाले. याला क्राउन-पिनियनच्या गुणोत्तराने गुणा. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे ते गुणोत्तर. इथे ४.३ धरू. उत्तर येतं सुमारे ३३००. म्हणजे ताशी १०० किमीला शाफ्ट मिनिटाला ३३०० फेरे घेतो, ताशी ८० ला साधारण २६४०. सोपं करून सांगायचं तर ताशी प्रत्येक किलोमीटरमागे ३३ फेरे. टायर किंवा गुणोत्तर वेगळं असेल तर आपला आकडा आपण काढायचा.

दुसरा आकडा. पोलादी नळीचा बाहेरचा व्यास आणि आतला व्यास मिलिमीटरमध्ये घ्या. दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. त्याला १२ कोटी १० लाखांनी गुणा. मग एका क्रॉसच्या मध्यापासून दुसऱ्या क्रॉसच्या मध्यापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा आणि तिच्या वर्गाने भागा. उत्तर म्हणजे क्रांतिक वेग, मिनिटाच्या फेऱ्यांत.

उदाहरण घेऊ. ७५ मिमीची नळी, भिंत अडीच मिमी, म्हणजे आतला व्यास ७०. लांबी १९०० मिमी. उत्तर येतं साधारण ३४४०. हा आकडा ‘इथपर्यंत चालेल’ असा वाचायचा नाही. नळी कधीच पुरती सरळ नसते, क्रॉसमध्ये थोडा खेळ असतो, वेल्डने ओढ घेतलेली असते. म्हणून त्याचा पाऊण भागच वापरायचा: २५८०. या शाफ्टवर ताशी ७८ किमीला तुमची हद्द संपली. रिकामी गाडी देवास बायपासला लागली की तेवढा वेग कोणीही पकडतो.

तीच नळी १५०० मिमी लांब असती तर क्रांतिक वेग ५५०० च्या घरात गेला असता आणि पाऊण हिस्सा ४१०० च्या वर. मग खुशाल एकच शाफ्ट टाका. आणि दोन तुकड्यांच्या शाफ्टचा मागचा भाग १२०० मिमीचा असेल तर तोच आकडा ८६०० वर पोचतो. कंपनीने मधे बेअरिंग का टांगलं ते इथे दिसतं.

मग जाड नळी घेतली तर?

भिंत जाड करून काहीच मिळत नाही. वजन वाढतं आणि क्रांतिक वेग उलट किंचित खाली येतो. फायदा होतो तो व्यास वाढवून. १९०० मिमी लांबीला १०० मिमी व्यासाची, अडीच मिमी भिंतीची नळी घेतली तर क्रांतिक वेग ४६०० च्या पुढे जातो, पाऊण हिस्सा साधारण ३४७०. ताशी १००-१०५ पर्यंत कागदावर ठीक.

पण गाडीखाली शिरून बघा. चासीच्या आडव्या पट्टीतून शाफ्ट जायला जी जागा सोडलेली असते ती मूळ नळीच्या मापाची. शेजारून सायलेन्सरचा पाइप, हँडब्रेकची केबल, कधी डिझेलची टाकी. माल भरला, खड्ड्यात चाक आपटलं, हाउसिंग वर उचललं गेलं की नळीही वर येते. तेव्हासुद्धा चारी बाजूंनी बोटभर, म्हणजे २५ मिमी, जागा उरली पाहिजे. चासीची पट्टी कापून जागा करायला सांगणारा मिस्त्री भेटला तर चहा पिऊन परत या.

ॲल्युमिनियमचा शाफ्ट लावतात म्हणे?

अमेरिकेत लावतात. साठच्या दशकातल्या शेव्हरोले सी-१० सारख्या लांब पिकअपमध्ये दोन तुकडे असायचे आणि तिथले हौशी लोक ते काढून मोठ्या व्यासाची ॲल्युमिनियमची एकच नळी बसवतात. एक गैरसमज मात्र सर्रास आहे. ॲल्युमिनियम हलकं म्हणून क्रांतिक वेग वाढतो, असं नाही. ते हलकं आहे तितकंच कमी ताठही आहे, त्यामुळे त्याच मापाच्या नळीचा आकडा पोलादाच्या जवळपासच येतो. फायदा एवढाच की व्यास बराच मोठा घेऊनही वजन आवाक्यात राहतं. आपल्याकडे त्याचं वेल्डिंग भरवशाने करणारा माणूस सहज सापडत नाही, आणि मालवाहू गाडीला सायलेन्सरजवळची उष्णता नि उडणारी गिट्टी बघता मी तरी पोलादच घेईन.

मी तर ताशी साठच्या वर जातच नाही. मला काय फरक पडतो?

हे ऐकलं की मला मानपूरचा घाट आठवतो. इंदूर पठारावर, नर्मदा खाली. मुंबई रोडने जाताना उतार लागला की डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारे कमी नाहीत. इंजिन शांत असतं, म्हणून गाडी आरामात चाललीय असं वाटतं. पण शाफ्टचा इंजिनाशी संबंध नाही, तो चाकांबरोबर फिरतो. काटा नव्वदीवर गेला की खाली शाफ्ट २९७० फेरे घेतोय, मग इंजिन बंद का असेना. (न्यूट्रलमध्ये घाट उतरणं तसंही ब्रेकच्या जिवावर बेतणारं आहे, ते वेगळं.)

दुसरं, पावसाळ्यात माळव्याची काळी माती. एक चाक चिखलात फिरत राहतं, गाडी जागची हलत नाही आणि ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतच राहतो. गाडी उभी असली तरी शाफ्ट काट्यावर दिसणाऱ्या वेगानेच फिरतोय.

तिसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा एका फेऱ्यात दोन झटके देतो. त्यामुळे क्रांतिक वेगाच्या बरोबर निम्म्यावरही नळी गुणगुणते. वरच्या १९०० मिमीच्या उदाहरणात हा आकडा १७२०, म्हणजे ताशी ५२ किमी. ‘पन्नास-पंचावन्नला घुमते, साठला गप्प होते’ अशी तक्रार आली की मी टायरकडे बघायच्या आधी शाफ्टची लांबी टेपने मोजतो.

एकच शाफ्ट केल्याचा काही खरा फायदा आहे की नाही?

आहे. बसत असेल तर चांगलाच आहे. तीनाचे दोन क्रॉस होतात, सेंटर बेअरिंगचं रबर फाटण्याचा प्रश्नच मिटतो, ग्रीसची एक जागा कमी होते. शिवाय कोन सौम्य होतात. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत हाउसिंग १०० मिमी वर-खाली होत असेल, तर १२०० मिमीच्या मागच्या तुकड्याचा कोन पावणेपाच अंशांनी बदलतो, १९०० मिमीच्या सलग शाफ्टचा तीनच अंशांनी. जास्त भार वाहणाऱ्या गाडीला ही गोष्ट किरकोळ नाही.

मायलेज वाढतं का?

नाही. बेअरिंगमध्ये वाया जाणारी ताकद इतकी नगण्य आहे की वाचलेल्या डिझेलमधून सराफा बाजारातली भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसाची एक प्लेटही निघायची नाही.

गिअरबॉक्सला फ्लँज आहे. तिथे काही बदलावं लागेल?

इथे बरेच जण फसतात. काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या शेपटातच सरकता योक (क्रॉस धरणारा दोन कानांचा तुकडा) असतो, तो आत-बाहेर सरकून लांबी सांभाळतो. फ्लँज असेल तर तो बोल्टने पक्का, अजिबात न सरकणारा. मग तुमच्या सलग शाफ्टमध्येच सरकता स्प्लाइन हवा. तो नसेल तर पहिल्याच खड्ड्यात शाफ्ट एकतर गिअरबॉक्सच्या शेपटावर नाही तर पिनियनच्या बेअरिंगवर घण घालेल.

स्प्लाइनचं माप गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना घ्यायचं. जॅकवर चासी उचलली की हाउसिंग खाली लोंबतं आणि माप चुकतं. एकदा रिकाम्या गाडीचं, एकदा भरलेल्या गाडीचं. पाटे सपाट होतात तसं हाउसिंग थोडं मागे सरकतं, म्हणून दोन्ही मापं लागतात. रोजच्या उंचीवर स्प्लाइन तळाला टेकायच्या आधी २५ मिमी तरी जागा शिल्लक पाहिजे, आणि पूर्ण बाहेर ओढला गेला तरी पुरेसे दात एकमेकांत अडकलेले राहायला हवेत.

आणखी एक: दोन तुकड्यांत पुढच्या भागाचं मागचं टोक सेंटर बेअरिंग पेलत होतं. आता सगळं वजन गिअरबॉक्सचं मागचं बेअरिंग आणि पिनियन वाटून घेणार. गिअरबॉक्सच्या शेपटातून आधीच तेल गळत असेल तर ते आधी बघा.

कोन किती असावा?

गिअरबॉक्सची रेघ आणि पिनियनची रेघ एकमेकींना समांतर हवी. म्हणजे पुढच्या क्रॉसने दिलेला झटका मागचा क्रॉस पुसून टाकतो. प्रत्येक क्रॉसचा कोन एक ते तीन अंश असला तर उत्तम. शून्य अंश ऐकायला आदर्श वाटतो, पण मग क्रॉसच्या सुईबेअरिंगच्या सुया जागच्या हलतच नाहीत आणि एकाच ठिकाणी खड्डे पाडतात. उलट १० अंशांवर गेलात तर एका फेऱ्यात वेग दीड टक्का पुढे-मागे होतो. आकडा छोटा वाटेल, पण तो मिनिटाला हजारो वेळा होतोय. मोबाइलमधलं पातळी मोजायचं ॲप अर्ध्या अंशापर्यंत बरोबर दाखवतं, तेवढं पुरे.

योक सरळ रेषेत हवेत म्हणजे काय?

शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच दिशेला असले पाहिजेत. टेबलावर ठेवला तर दोन्ही कान एकदम आडवे किंवा एकदम उभे. याबाबतची माझी फजिती सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका गाडीचा शाफ्ट ग्रीसिंगसाठी स्प्लाइनमधून काढला, खूण न करता परत घातला. एक दात चुकला. गाडीवाला महूपर्यंत जाऊन परत आला आणि म्हणाला, सीटखाली मधमाश्या शिरल्यासारखं वाटतंय. दोन दिवस मी बॅलन्सिंगला शिव्या घातल्या. त्यानंतर शाफ्टला हात लावायच्या आधी पांढऱ्या रंगाची रेघ मारतो. रंग नसेल तर छिन्नीने खूण.

खरादवाल्याकडे (लेथवाल्याकडे) पाइप घेऊन गेलो तर शाफ्ट बनवून देईल का?

देईल, आणि तिथेच घोळ होतो. लोहामंडीत मिळणारा साधा पाण्याचा पाइप शाफ्टसाठी नसतो. त्याची भिंत एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ असते, आतून शिवण उठलेली असते. शाफ्टला थंड ओढून काढलेली, एकसारख्या भिंतीची नळी लागते. आमच्याकडे एक पिकअप अशीच आली होती, खंडवा रोडच्या भेरूघाटातून ओढून आणलेली. भरल्या गाडीत पहिल्या गिअरमध्ये चढताना पाइप वेल्डपाशी पिळला गेला होता, ओला टॉवेल पिळावा तसा. हिशेब करा: इंजिन २०० न्यूटन-मीटर देत असेल आणि पहिला गिअर चारपट असेल, तर शाफ्टवर ८०० येतात.

वेल्ड झाल्यावर नळी फिरवून डायल गेजने बघायला सांगा. टोकांजवळ पाव मिलिमीटर आणि मधोमध ०.४ मिमीपेक्षा जास्त हेलकावा असेल तर आधी सरळ करायचा, मगच बॅलन्सिंग. वाकड्या शाफ्टला वजनाचे तुकडे चिकटवून गप्प बसवणं म्हणजे दुखऱ्या दाढेवर लवंग.

बॅलन्सिंग चाकासारखंच ना?

तत्त्व तेच, मशीन वेगळं. शाफ्ट दोन्ही टोकांना फिरवून मोजतात आणि पत्र्याचे तुकडे वेल्ड करतात. आंतरराष्ट्रीय मानकात गाड्यांच्या शाफ्टसाठी जी ४० ही साधारण प्रत आणि जास्त काटेकोर कामासाठी जी १६ आहे. लांब, सलग शाफ्ट असेल तर जी १६ च मागा. मशीनचा कागद दाखवत नसेल, नुसतंच ‘हो गया भिया’ म्हणत असेल, तर झालेलं नाही असं समजा.

गाडी थरथरते. दोष शाफ्टचाच आहे हे कसं ओळखू?

निघताना, ताशी १०-३० च्या दरम्यान धडधड होत असेल तर बहुतेक सेंटर बेअरिंगचं रबर गेलेलं असतं. हाताने शाफ्ट वर ढकलून बघा. फाटलेलं रबर लगेच कळतं.

वेगात असताना येणारी थरथर वेगळी. ताशी ८० ला चाक सेकंदाला जेमतेम दहा फेरे घेतं, शाफ्ट ४४. म्हणून टायरचा दोष स्टिअरिंगमध्ये हलल्यासारखा जाणवतो आणि शाफ्टचा दोष सीटमध्ये गुणगुणल्यासारखा. त्याच वेगात क्लच दाबा. थरथर तशीच राहिली तर दोष इंजिनाचा नाही. क्रॉस सुकला असेल तर गाडी सोडताना ‘टक’ आणि हळू वेगात चिमणीसारखी चिवचिव येते.

कायद्याने चालतं का?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवर नोंदलेल्या गोष्टींत परस्पर बदल करू देत नाही. आरसीवर व्हीलबेस असतो, शाफ्टचे तुकडे नसतात. तरी विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा, अपघातानंतर वाद घालण्यापेक्षा ते सोपं.

शाफ्ट तुटला तर?

मागचा क्रॉस तुटला तर टोक रस्त्यावर घासत जातं. पुढचा तुटला तर ते खाली पडून रस्त्यात रुततं आणि गाडीला उचलू शकतं. दोन तुकड्यांत निदान सेंटर बेअरिंग एक भाग धरून ठेवतं, सलग शाफ्टला तो आधार नाही. म्हणून पुढच्या क्रॉसजवळ ६ मिमी जाड, ५० मिमी रुंद पट्टीचं कडं चासीला बोल्ट करून घ्या. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या नियमांत असं कडं पुढच्या क्रॉसपासून सहा इंचांच्या आत लागतं. आपण शर्यत लावत नाही, पण भरल्या गाडीत मागे दोन माणसं बसवतोच.

घरी काम करायचं असेल तर?

गिअर टाकून गाडी उभी केली आणि शाफ्ट काढला, की त्या गिअरचा काही उपयोग उरत नाही. इंजिन आणि चाकं यांच्यातला दुवाच तुम्ही काढलेला असतो. काही जुन्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रमसुद्धा गिअरबॉक्सच्या मागेच असतो, तोही निकामी. चारी चाकांना पुढून-मागून ठोकळे लावल्याशिवाय पहिला बोल्ट सैल करू नका. इंदुरात सपाट वाटणाऱ्या अंगणालाही पाणी जायला उतार दिलेला असतो.

तुमचा सल्ला काय, करू की नको?

क्रॉस ते क्रॉस १५०० मिमीच्या आत बसत असेल, नळीला जागा असेल आणि बॅलन्सिंग करणारा भरवशाचा असेल तर करा. १७०० च्या पुढे असेल तर आधी चांगल्या प्रतीचं सेंटर बेअरिंग टाका, तिन्ही क्रॉस एकदम बदला, ब्रॅकेटचे बोल्ट सरळ रेषेत कसा. बहुतेक गाड्यांची कटकट तिथेच संपते, कारण कटकट जोडाची नसून दर वेळी सगळ्यात स्वस्त बेअरिंग टाकल्याची असते. मधल्या २०० मिमीसाठी वरचा हिशेब करून या, मग बोलू.

जुना शाफ्ट भंगारात देऊ का?

देऊ नका. ब्रॅकेट, बोल्ट, सगळ्यासकट ग्रीस लावून पोत्यात गुंडाळा आणि माळ्यावर टाका. आमच्या दुकानात असे पाच शाफ्ट गिऱ्हाइकांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवले होते. त्यातले दोन परत आपापल्या गाडीखाली गेले.